सामाईक रानातले घर आणि काम

गेली काही वर्षे मी जागेपणी एक स्वप्न पाहत आले आहे. काही कुटुंबांनी मिळून सांभाळलेले एक रान असावे, त्याच्या कडेला लहान लहान घरे असावीत, मध्ये हत्यारे आणि करवतीचे काम यांसाठी एक मोठी सामाईक पडवी असावी आणि वर्षभर हाताला पुरेल एवढे काम त्या रानातूनच निघावे, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. हे कुणाला सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एकांत, पाखरांचे आवाज आणि झाडाला टांगलेला झोका उभा राहतो. माझ्या स्वप्नात झोक्याला फारशी जागा नाही. त्यात तोड आहे, ओढकाम आहे, लाकडाचे ढीग लावणे आहे, वणव्याच्या आधी जाळरेषा साफ करणे आहे आणि संध्याकाळी हिशेबाची वही उघडून घातलेला वादही आहे. हेच सगळे स्वतःच्या मालकीच्या चार एकरांवर का नको आणि सामाईकच का हवे, हे मला मुळापासून लिहून काढायचे होते, कारण या प्रश्नाचे उत्तर मला भावनेत सापडले नाही. ते झाडांच्या वाढीच्या वेगात सापडले.

इमारती लाकडाचे झाड तयार व्हायला माणसाचे कामाचे आयुष्य पुरत नाही. सागाच्या जुन्या लागवडींमध्ये तोडीचे चक्र साठ-ऐंशी वर्षांचे धरलेले आढळते आणि युरोपात चांगल्या ओकसाठी शंभराहून अधिक वर्षे थांबतात. चाळिशीत रान विकत घेणाऱ्याने आज लावलेले रोप त्याने स्वतः कापायचा प्रश्नच उद्भवत नाही. ते कुणीतरी दुसराच कापणार, आणि तो दुसरा त्या जमिनीकडे रान म्हणून पाहील की विक्रीचा भूखंड म्हणून, हे लावणाऱ्याच्या हाती राहत नाही. एकट्याची मालकी एका आयुष्यापुरती असते, वारसांची मने वेगवेगळी असतात आणि रानाचा हिशेब मात्र पिढ्यांचा असतो. ज्या गटात जुनी माणसे जातात, नवी येतात आणि कामाची रीत तशीच पुढे चालते, असा गटच त्या हिशेबाला पुरतो. सामाईकपणाचा माझा आग्रह माणसांच्या प्रेमापोटी आलेला नाही, असे म्हटले तर काहींना ते कोरडे वाटेल, पण ते खरे आहे. माणसांच्या गर्दीचा मला लवकर कंटाळा येतो.

या स्वप्नाला आकार मिळाला तो फुटव्याच्या रानांबद्दल वाचल्यापासून. काही जातींची झाडे जमिनीलगत कापली तरी मरत नाहीत. खुंटातून नवे फुटवे येतात आणि जुनी मुळे शाबूत असल्यामुळे ते रोपापेक्षा कितीतरी जोमाने वाढतात. समशीतोष्ण प्रदेशात हेझल, चेस्टनट, ॲश, लिंडेन ही झाडे शतकानुशतके अशी कापली गेली. हेझल सात ते दहा वर्षांनी, तर चेस्टनट त्याहून अधिक वर्षांनी कापणीला येते. रानाचे तितके भाग, म्हणजे कूप, पाडायचे, दर वर्षी एकाच कुपात तोड करायची आणि शेवटचा कूप तोडून होईतो पहिला पुन्हा उभा राहिलेला असतो. इंग्लंडमधल्या सफोकातील ब्रॅडफील्डच्या रानात अशी तोड 1252 पासून चालत आल्याची नोंद आहे. ग्लॉस्टरशरमधील वेस्टनबर्ट वृक्षोद्यानात लिंडेनचा एक जुना खुंट असा कापला जात आलेला आहे आणि त्याचे वय सुमारे 2000 वर्षे मानले जाते. न कापलेले लिंडेन इतके जगत नाही. कुऱ्हाडीने झाडाचे आयुष्य वाढते, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती पटायला वेळ लागला.

तोडीची रीत समजून घेतली की यातला विचार ध्यानात येतो. झाड झोपलेले असते त्या हिवाळ्यात, पालवी फुटण्याच्या आधी, कापायचे. काप जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आणि जरा उतरता घ्यायचा, म्हणजे पाणी खुंटावर न साचता बाहेरच्या बाजूला ओघळते आणि खुंट कुजत नाही. साल फाटू द्यायची नाही, कारण फुटव्याचे डोळे सालीच्या आतच असतात. वसंतात खुंटाच्या कडेने डझनावारी कोंब येतात आणि हेझलमध्ये ते पहिल्याच हंगामात माणसाच्या उंचीला भिडू शकतात. हरणांना आणि शेळ्यांना हा कोवळा पाला फार आवडतो. तो सलग दोन-तीन हंगाम खाल्ला गेला तर खुंट थकून मरतो. म्हणून तोडलेल्या फांद्यांचा बारीक काटेरी पसारा खुंटांवर रचतात किंवा कुपाभोवती त्याचेच कुंपण घालतात. हे कुंपण काही वर्षांत आपोआप कुजून जाते आणि तोवर फुटवे जनावरांच्या तोंडाच्या वर गेलेले असतात. कुपाचे वय आणि कुंपणाचे वय असे जुळलेले पाहून ज्याने हे पहिल्यांदा केले त्याच्याविषयी आदर वाटतो.

अशा रानात एकाच वेळी सगळ्या वयांची झाडी असते. ताज्या तोडलेल्या कुपात ऊन जमिनीपर्यंत पोचते, मातीत वाट पाहत पडलेले बी उगवते, रानफुले येतात आणि त्यांच्यामागून फुलपाखरे येतात. इंग्लंडमधले एक फुलपाखरू तर लाकूडतोड्याच्या मागे मागे फिरणारे म्हणूनच ओळखले जाई, कारण त्याच्या अळ्यांना लागणारी व्हायोलेटची झाडे नव्या तोडीच्या उघडिपीत माजत. विसाव्या शतकात कोळसा, काठ्या आणि सरपण यांची मागणी आटली, फुटव्याची रानेही कुणी कापीनासे झाले, ती दाट आणि अंधारी बनली आणि ते फुलपाखरूही बहुतेक ठिकाणांहून दिसेनासे झाले. माणूस बाजूला झाला की निसर्ग भरभराटतो, हे वाक्य मी सरसकट म्हणत नाही ते यामुळे. अर्थात याचा उलटा अर्थ काढून कुठलेही जुने जंगल तोडीला योग्य ठरवणे हा शुद्ध धूर्तपणा झाला. ज्या रानाला हजार वर्षे कुऱ्हाडीची सवय आहे ते वेगळे आणि ज्याने ती कधीच पाहिली नाही ते वेगळे.

आता कामाविषयी. मला या स्वप्नात सर्वांत ओढ कशाची असेल तर ती दुहाती करवतीची. लांब पात्याच्या दोन टोकांना दोन मुठी आणि दोघे समोरासमोर उभे, एवढीच ती रचना. पण तिचा नियम असा की दोघांनीही फक्त ओढायचे, ढकलायचे कधीच नाही. आपली ओढ संपली की हात सैल सोडून पाते समोरच्याकडे जाऊ द्यायचे. उत्साहाने ढकलायला जावे तर पाते वाकते, लाकडात अडकते आणि समोरचा वैतागून थांबतो. जोर कमी आणि लय जास्त, असे हे काम आहे. बलदंड माणसापेक्षा ज्याच्याशी आपली लय जमते तो जोडीदार दिवसाच्या शेवटी अधिक लाकूड पाडून देतो, असे ही करवत चालवणारे सांगतात.

उभे झाड पाडणे हे त्याहून गंभीर. ज्या दिशेला झाड पडायला हवे त्या बाजूला आधी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या सुमारे चौथा हिस्सा आत जाईल एवढी. मग मागच्या बाजूने काप घेत यायचे, पण तो खाचेला भिडू द्यायचा नाही. मध्ये न कापलेल्या लाकडाची एक पट्टी बिजागरीसारखी ठेवायची. झाड पडताना याच पट्टीवर वळते आणि दिशा धरते. ती पुरती कापली गेली की झाड कुणाचेच ऐकत नाही. वनकाम हे जगातल्या सर्वांत धोकादायक कामांत मोडते आणि त्यामुळे झाड पाडताना एकट्याने रानात जायचे नाही हा नियम जवळपास सर्वत्र सांगितला जातो. सामाईकपणाची ही दुसरी आणि फार साधी गरज. एकांतवासाची स्वप्ने रंगवणाऱ्यांनी पायावर ओंडका पडला तर हाक कुणाला मारायची, एवढे तरी ठरवून ठेवावे.

सरपणाचे कामही वाटते तितके सरळ नाही. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते तसेच जाळले तर निघालेल्या उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात जातो आणि उरतो तो धूर. म्हणून लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागू देत वर्ष-दोन वर्षे रचून ठेवतात, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला की मगच ते चुलीत जाते. याचा अर्थ असा की या हिवाळ्यातली ऊब दोन हिवाळ्यांपूर्वी कुणीतरी फोडून ठेवलेली असते. एखादा हंगाम आळस केला तर त्याची शिक्षा पुढच्या वर्षी नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षी मिळते, आणि ती मिळताना आळस कुणी केला होता हे सगळ्यांना आठवत असते.

इथे सामाईकपणाची खरी अडचण सुरू होते. भागीचे घोडे किवणाने मेले, ही आपली म्हण काही उगाच पडलेली नाही. जे सगळ्यांचे ते कुणाचेच नाही आणि जो तो आपल्यापुरते ओरबाडतो, हीच गोष्ट गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात शास्त्रीय थाटात मांडली आणि त्यावर उपाय दोनच, एकतर सरकारी ताबा किंवा खासगी मालकी, असे पुढे अनेकांनी गृहीत धरले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याच्यावर वाद घालत बसण्यापेक्षा प्रत्यक्षात शेकडो वर्षे टिकलेल्या सामाईक व्यवस्था शोधून काढल्या, त्या का टिकल्या याची कारणे 1990 च्या आपल्या ग्रंथात मांडली आणि 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हद्द स्पष्ट असेल, नियम तिथल्याच माणसांनी केलेले आणि तिथल्याच परिस्थितीला धरून असतील, देखरेख आपसांतलीच असेल आणि चुकणाऱ्याला शिक्षा सौम्य सुरुवात करून चढत जाणारी असेल, तर भागीचे घोडे चांगले पोसले जाते.

त्यांनी दिलेल्या उदाहरणांतले स्वित्झर्लंडमधील तोर्बेल हे गाव माझ्या मनात घर करून बसले आहे. आल्प्समधल्या या गावात सामाईक जंगलातून लाकूड घेण्याची पद्धत अशी होती: गावाचा वनरक्षक तोडीला आलेल्या झाडांवर खुणा करी. ज्या कुटुंबांना लाकडाचा हक्क असे ती एकत्र टोळ्या करून तोडणे, ओढून आणणे आणि रचणे ही कामे सारखी वाटून घेत. ओंडक्यांचे शक्य तितके समान ढीग लावले जात आणि ढीग पूर्ण झाल्यावरच चिठ्ठ्या टाकून कोणता ढीग कुणाचा हे ठरे. वर्षात एरवी केव्हाही तोडीला परवानगी नसे. ढीग रचणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणता येणार हे ठाऊक नसल्यामुळे वाकडे लाकूड एका ढिगात आणि सरळ दुसऱ्यात घालण्यात कुणाचाच फायदा नाही. भांडण मिटवायला पंच नेमण्याऐवजी भांडणाचे कारणच कामाच्या क्रमातून काढून टाकले आहे. जपानमधल्या काही खेड्यांतही सामाईक डोंगरावरच्या गवताची विभागणी अशीच चिठ्ठ्यांनी होई आणि तिथे डोंगर कापणीला खुला होण्याचा दिवस गावाने ठरवलेला असे. माझ्या स्वप्नातल्या पडवीत मी चिठ्ठ्यांचा डबा ठेवून दिलेला आहे.

दूर कशाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव मराठी वाचकाला नवे नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सर्वांना माहीत असते; पण त्यामागची जी रीत आहे ती मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथली ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात चर्चेला येतो. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाल्यानंतर 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून जंगलाचे नियम करून पाळण्याची सवय तिथे लागलेली होती, आणि ती नसती तर त्या कागदाने काय साधले असते याची मला शंकाच आहे. नेपाळमध्ये 1993 च्या वन कायद्यानंतर बावीस हजारांहून अधिक गावगटांकडे जंगले सोपवली गेली. 1992 मध्ये देशाच्या सुमारे 26 टक्के भूभागावर असलेले वनाच्छादन 2016 पर्यंत 45 टक्क्यांच्या घरात गेले आणि त्यात या गटांचा मोठा वाटा मानला जातो.

ही उदाहरणे वाचताना एक गोष्ट मात्र टोचत राहते. मेंढ्यातली, नेपाळमधली किंवा तोर्बेलमधली माणसे रानात राहण्याचे स्वप्न पाहून तिथे गेलेली नाहीत. ती तिथलीच आहेत. स्वप्न पाहणारी माणसे बाहेरची असतात, आणि स्वप्नातले रान सहसा रिकामे असते. खरे रान रिकामे कधीच नसते. कुणाची तरी गुरे तिथे चरतात, कुणी मोहफुले वेचते, कुणी मध काढते, कुणाचा देव तिथे बसलेला असतो. आपला वनहक्क कायदाही या बाबतीत सरळ आहे: आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, त्या जंगलात राहिल्याचे आणि जंगलावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते, आणि मिळालेला हक्क वारशाने जातो, विकता येत नाही. हे अत्यंत योग्य आहे. तो हक्क विकता आला असता तर माझ्यासारख्या स्वप्नाळू आणि हातात पैसा असलेल्या मंडळींनी दहा वर्षांत अर्धी जंगले ‘शांत जीवना’साठी घेऊन टाकली असती.

बाहेरून येऊन रानात राहणाऱ्यांचे प्रयोग झालेले नाहीत असे नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात टिंकर्स बबल नावाची वस्ती 1994 पासून आहे. सुमारे चाळीस एकर जमीन, त्यात डग्लस फरचे रान, ओंडके ओढायला घोडा, फळ्या कापायला वाफेवर चालणारी गिरणी आणि खनिज तेलावर चालणारी यंत्रे शक्यतो नाहीतच, असा तिथला बाणा. त्यांनाही सर्वांत जड गेले ते लाकूडकाम नव्हे, तर तिथे राहण्याची सरकारी परवानगी मिळवणे, कारण रान विकत घेणे आणि रानात घर करणे या कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. वेल्समध्ये 2010 पासून याला एक वाट काढून दिली आहे: उघड्या माळावर किंवा रानात घर बांधू पाहणाऱ्याने पाच वर्षांच्या आत आपल्या किमान गरजा मुख्यतः त्या जमिनीतूनच भागवून दाखवायच्या, पृथ्वीवरचा आपला भार माणशी 2.4 जागतिक हेक्टरपर्यंत (आपल्या गरजा पुरवायला किती उपजाऊ जमीन लागते ते मोजण्याचे हे एकक) आणायचा आणि दर वर्षी त्याचा अहवाल द्यायचा. जमले नाही तर घर काढून घ्यायचे. काहींना हे जाचक वाटते. मला ही अट आवडली, कारण तिने स्वप्नाला मुदत घातली आहे आणि मापही दिले आहे.

पैशाचे बोलायचे तर ते थोडक्यातच होते. कच्चे लाकूड स्वस्त जाते. त्याच्या काठ्या, टोपल्या, कोळसा, खुर्च्या केल्या तरच हातात काही पडते, आणि कोळशाचे म्हणाल तर लाकडाच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढाच तो निघतो. अशा बहुतेक वस्त्यांत कुणी ना कुणी बाहेरची कमाई आणत असते. तशी कमाई आणणाऱ्याला सभेत जास्त वजन असावे की नसावे, हा प्रश्न माझ्या मते दुहाती करवतीहून अधिक कौशल्य मागतो.

तोर्बेलकडे मी पुन्हा वळते, कारण तिथल्या 1483 च्या दस्तऐवजात एक कलम आहे ज्याने माझ्या स्वप्नाला वाकवले. बाहेरच्या कुणी गावात जमीन विकत घेतली किंवा तिथे वस्ती केली, तरी सामाईक कुरणावर किंवा जंगलावर त्याला हक्क मिळणार नाही आणि झाड तोडण्याची परवानगीही मिळणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे तिथे गेले असते तर मला एक काटकीही तोडता आली नसती. सुरुवातीला याचा राग आला. मग लक्षात आले की हे कलम नसते तर पाचशे वर्षांनंतर वाचायला तोर्बेलचे जंगलच उरले नसते. हद्द ठरवायची म्हणजे कुणाला तरी बाहेर ठेवायचे, आणि त्या ‘कुणाला तरी’मध्ये मी असू शकते हे मान्य केल्याशिवाय सामाईक रानाचे गोडवे गाण्याला अर्थ नाही.

त्यामुळे आता मी जमीन शोधणे सोडून दिले आहे. चालू असलेले एखादे सामाईक रान शोधायचे, तिथल्या लोकांना एका तोडीच्या हंगामासाठी कामाला घेता का असे विचारायचे आणि ढिगांच्या चिठ्ठ्यांमध्ये आपले नाव नसेल हे आधीच कबूल करायचे, असे ठरवले आहे. विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. कोणता कूप कोणत्या वर्षी तोडला याची वही आहे का आणि ती कोण ठेवते? सभेत तंटा झाला तर गेल्या वेळी तो किती दिवसांत मिटला? म्हाताऱ्या झालेल्या सभासदाला करवत ओढता येईनाशी झाली की त्याचा वाटा कमी होतो का? आणि जो सोडून जातो, त्याने लावलेली, अजून चाळीस वर्षे कापायची नसलेली झाडे हिशेबात कुणाची धरतात?